मनकवडा

बायकोच्या मनातलं न सांगता ओळखणारा नवरा मिळायला सात जन्मांची पुण्याई लागते, असं सरावलीच्या त्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणत, आणि ते ऐकून भाविकाच्या अंगावर मूठभर मांस चढे. चढणारच! चिंचणीला राहणाऱ्या आईपाशी दुपारी फोनवर ताडगोळ्यांची आठवण काढावी, आणि संध्याकाळी कुशलच्या पिशवीतून ताडगोळेच निघावेत. चपलेचा अंगठा तुटल्याचं धाकट्या बहिणीला, मेघालीला, सांगावं, आणि दुसऱ्या दिवशी दारात नवी चप्पल. "तुमाला कळतं तरी कसं?" ती विचारी. "मनकवडा हाय मी," तो म्हणे. तिला ते खरंच वाटे. प्रेमात माणूस काय वाटेल ते खरं मानतं.

कुशल तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात टेबलाशी बसून नोंदी ठेवी. भाविका घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेली भाषणं ऐकून टाइप करून देई. त्यासाठी दिवाळीला कुशलने तिला बिनवायरचा स्पीकर आणून दिला होता. तिने त्या स्पीकरला हळदकुंकू वाहिलं होतं.

पण त्या स्पीकरने लवकरच नखरे सुरू केले. सकाळी खणखणीत वाजे. कुशल कामावर गेला की तासाभराने असा आवाज, जणू बोलणाऱ्याने डब्यात तोंड घातलंय. टायपिंगमध्ये चुका होऊ लागल्या, आणि काम देणाऱ्या बाईंनी अजून एकदा असं झालं तर काम दुसरीला देईन म्हणून बजावलं. भाविकाने स्पीकर चार्ज केला, जवळ ठेवला, कॉम्प्युटरवरून काढून पुन्हा जोडला. त्या मेल्या स्पीकरवर ढिम्म परिणाम नाही. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी मात्र तो आपोआप शहाण्यासारखा वागे. "तुमी घरात असलात की बरा वाजतो," ती कुशलला म्हणाली. "त्याला पण तुमचाच लळा लागलाय." कुशल हसला आणि पाणी प्यायला उठला.

शेवटी तिने मावसभावाला, दर्पणला, मेसेज केला. त्याचं बोईसरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांतून फुरसत मिळाल्यावर त्याचं उत्तर आलं.

"ताई, त्या स्पीकरमध्ये माइक पण असतो. कोणी माइक वापरत असला की गाण्याचा आवाज टेलिफोनसारखा होतो. खाली घड्याळाजवळ माइकचं चित्र दिसतंय का? त्याच्यावर बाण ने. कोण वापरतंय त्याचं नाव येईल."

चित्र होतं. तिने बाण नेला. नाव आलं ते कुशलने स्वतः टाकलेल्या प्रोग्रॅमचं. व्हायरस येऊ नये म्हणून टाकलाय, असं त्याने सांगितलं होतं. तिने ते नाव दर्पणला कळवलं.

त्याने लिहिलं, "ताई, हा लांबून घरातलं ऐकायचा प्रोग्रॅम हाय. मोबाइलवरून ऐकता येतं. तुज्या कॉम्प्युटरला माइक नव्हता ना? म्हणून स्पीकरचा घेतलाय. कोणी टाकला?"

भाविकाने फोन पालथा ठेवला. भिंतीला कान असतात म्हणतात. तिच्या घरात ते कान नवऱ्याने दिवाळीची भेट म्हणून आणून बसवले होते, आणि ही बावळट त्यांना हळदकुंकू वाहून बसली होती!

तिला ताडगोळे आठवले, चपला आठवल्या. मग फेब्रुवारी आठवला. पालघरच्या एका शाळेत ऑफिसात जागा होती, बुधवारी मुलाखत होती. निवड झाल्यावरच कुशलला सांगायचं तिने ठरवलं होतं. बोलली होती फक्त मेघालीशी. आणि मंगळवारी संध्याकाळी कुशल गुडघे धरलेल्या स्वतःच्या आईला घेऊन दारात उभा. "आठ दिवस हिच्याजवळ कोणीतरी पायजे." भाविका मुलाखतीला गेली नाही. नशिबातच नाही, म्हणून गप्प बसली होती. नशीब कसलं? नशीब कानात इअरफोन घालून गोदामात बसलं होतं.

तरी मन मोठं लबाड. चूक दर्पणची असेल, असं ते म्हणत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, माइकचं चित्र दिसायला लागल्यावर, तिने बंद फोन कानाला लावला आणि रिकाम्या घरात म्हणाली, "आई, आज कशी कोण जाणे, जिलबी खावीशी वाटते गो." एवढंच. देवा, आज तो रिकाम्या हाताने येऊ दे, असं ती संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात म्हणत होती.

कुशल सहाला आला. पुडा पाठीमागे लपवून. "ओळख काय आणलंय!"

"जिलबी," भाविका म्हणाली.

त्याचा चेहरा खुलला. "आता तू पण मनकवडी झालीस."

"मी कोणाला बोलले होते जिलबीचं?"

"आईला बोलली असशील. दुपारी फोनवर."

"आईला फोन केलाच नव्हता. घरात मी एकटीच होते."

कुशलने पुडा टेबलावर ठेवला. "दिवसभर एकटी असतेस," तो म्हणाला. "काळजी वाटते मला. बाकी काय नाय."

"मुलाखतीची पण काळजीच वाटली?"

तो जिलबीच्या पुड्याचा दोरा सोडू लागला. नाही म्हणाला असता, तर तिने कदाचित त्याही वेळी त्याच्यावर विश्वास ठेवला असता. पण तो नाही म्हणाला नाही.

त्याच्यासमोरच तिने दर्पणने लिहून दिल्याप्रमाणे तो प्रोग्रॅम काढून टाकला, स्पीकरचा माइक बंद केला, आणि भाषण लावून बघितलं. आवाज स्वच्छ आला, शब्द न् शब्द कळत होता. तिने ते बंद केलं, चपला घातल्या आणि जिना उतरली.

खाली रस्त्यावर शिफ्ट सुटली होती. टँकर हॉर्न मारत चालले होते. ती पानाच्या टपरीशेजारी उभी राहिली आणि तिने चिंचणीला फोन लावला.

"कसला गो हा गोंगाट?" आई ओरडली. "काय ऐकाया येत नाय. घरात जाऊन बोल."

"नाय आई," भाविका म्हणाली. "घरात नाय बोलता येत. तू फोन कानाला घट्ट धर. मी मोठ्यानं बोलते."