ऊदमांजराचा गुरुवार

हिगाशी-ओसाकातल्या हामागुरी सॉफ्ट या कंपनीत माणसं चार आणि खुर्च्या तीन. चौथा माणूस म्हणजे स्वतः मालक, निशिवाकी-सान. ते बोल्टच्या उलट्या खोक्यावर बसत. खाली त्यांच्या धाकट्या भावाचा बोल्टचा कारखाना होता आणि तिथला दाब-यंत्राचा ठोका पडला की वर सगळ्यांच्या चहात तरंग उठत. अशा जागी बसून ही चार माणसं गेली तीन वर्षं एक व्हिडिओ गेम बनवत होती.

गेम ओबाता मिनेकोचा होता. मिनेको एक्केचाळीस वर्षांची, अविवाहित आणि हट्टी. तिचं बालपण वडिलांच्या सार्वजनिक स्नानगृहात गेलं होतं. स्नानगृह बंद पडलं, धुराडं पाडलं, आता तिथे गाड्या उभ्या राहतात. पण गिऱ्हाइकांच्या पाठी, प्रत्येकाच्या निराळ्या, मिनेकोच्या डोक्यातून जायला तयार नव्हत्या. त्यातून तिने ‘पाठ घासा!’ हा गेम काढला. कुणाची पाठ हलक्या हाताने घासायची, कुणाची जोर लावून, आणि घासता घासता त्याच्या घरची सगळी हकीकत काढून घ्यायची. एवढाच खेळ. ऐकणारा आधी हसायचा आणि मग म्हणायचा, “दे बघू इकडे.”

हा गेम चालायचा होता कागाया कंपनीच्या तेमारी या यंत्रावर. कानाझावाची कागाया ही जुनी पेढी. पणजोबा लहान मुलांचे ढोल करायचे, पणतू टीव्हीला जोडायचं यंत्र करतात. तेमारीच्या हातात धरायच्या तुकड्यावर बटणं कमी आणि मधोमध एक गोल चकती. ती फिरवायची. पाठ घासायला याहून चांगलं काय मिळणार, असं मिनेकोला वाटलं आणि ती फसली.

कारण बाहेरच्या माणसाला त्या यंत्रात शिरणं म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरात सण करण्यासारखं होतं. कागायाच्या घरच्या मंडळींना यंत्र दोन वर्षं आधी हातात मिळालेलं. हामागुरीला मिळालं बाजारात यायच्या जेमतेम आधी, सोबत जाडजूड माहितीपुस्तक, आणि त्यातल्या निम्म्या पानांवर छापलेलं, “हा भाग नंतर पाठवण्यात येईल.” तो कधीच आला नाही. प्रोग्राम लिहिणारा उराबे मुळात आठवड्यातून एकदा बोलायचा. ते पुस्तक वाचल्यावर तेही बंद झालं.

मग तपासणी. पहिल्यांदा गेम परत आला, कारण एका गिऱ्हाइकाच्या टॉवेलचं टोक हौदाच्या पाण्यात बुडत होतं. “टॉवेल पाण्यात बुडवणं शिष्टाचाराला धरून नाही,” असा शेरा.

“बरोबरच आहे की!” मालक म्हणाले. “काय गं ओबाता, तू स्नानगृहवाल्याची मुलगी ना?”

दुसऱ्यांदा परत आला तो एक म्हातारा आंघोळीनंतर दूध पिताना रीतीप्रमाणे कमरेवर हात ठेवत नाही म्हणून. चित्रं काढणाऱ्या साकिकोने चरफडत हात कमरेवर ठेवला. तिसऱ्या खेपेला गेम पास झाला आणि आता प्रश्न उरला तारखेचा.

तारखेवर सगळं टांगलेलं होतं. मालकीणबाईंनी नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, “हा गेम पडला तर पुरे झाली थेरं. पलीकडच्या गल्लीतले कमोडवाले विचारतायत, त्यांचं काम घ्यायचं.” कमोडच्या बैठकीत एक बटण असतं. ते दाबलं की खोटं पाणी वाहतं, म्हणजे खऱ्या आवाजाचा बसणाऱ्याला संकोच नको. तो आवाज तयार करायचं काम. मालकांनी होकार दिला होता आणि ते दिलेला शब्द मोडत नसत. गेम पडला की मिनेको जन्मभर पाण्याचे आवाज करणार होती.

“यावेळी ताइआनलाच काढायचा,” मालक म्हणाले. तांदूळवाल्याने दिलेलं कॅलेंडर त्यांच्या पाठीमागे लटकत असे. प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरांत दिवस कसा ते छापलेलं: ताइआन म्हणजे सर्वांत शुभ, लग्नाचे हॉल त्या दिवशी तुडुंब. बुत्सुमेत्सु म्हणजे सर्वांत अशुभ, त्या दिवशी हॉलवाले भाडं कमी करून गिऱ्हाइकाची वाट बघतात. हामागुरीचा मागचा गेम चुकून बुत्सुमेत्सुला निघाला होता आणि नातेवाइकांनीच तेवढा घेतला होता.

“मालक, तो गेम जाळ्यांच्या गाठी सोडवण्याचा होता,” मिनेको म्हणाली. “तो कुठल्याही दिवशी पडला असता.”

“तू तारखेत तोंड घालू नकोस.”

नवे गेम गुरुवारी निघतात. गुरुवार आणि ताइआन एकत्र यायचा, तर नववर्षाच्या आत असा एकच दिवस होता, नोव्हेंबरातला.

दोघं कानाझावाला गेली. कागायाचे हिरोसे-सान हे बाहेरच्या कंपन्यांकडे बघणारे गृहस्थ. इतके नम्र, की त्यांच्याशी बोलून माणूस दमे. त्यांनी बाहेरच्या कंपन्यांच्या ठरलेल्या तारखांचा तक्ता पुढे ठेवला. सगळे गुरुवार गच्च भरलेले आणि तो नोव्हेंबरातला एक गुरुवार कोरा करकरीत.

“बघ!” मालक मिनेकोच्या कानात पुटपुटले. “आपल्यासाठीच ठेवलाय.”

मिनेकोला ते बरं वाटलं नाही. चाळीस कंपन्या, आणि एकीलाही हा दिवस नको? तिने विचारलं, “हिरोसे-सान, त्या दिवशी तुमच्या घरचं काही येतंय का?”

घरचं म्हणजे बोंता. बोंता हे कागायाच्या गेममधलं ऊदमांजर, म्हणजे पाणमांजर. गेली चोवीस वर्षं ते पोट वर करून नदीतून गरगरत चाललं होतं आणि अख्ख्या देशातली मुलं त्याच्या मागे.

“आमच्या घरच्या तारखांबद्दल मी एक अक्षर बोलू शकत नाही,” हिरोसे-सान म्हणाले. “फार वाईट वाटतं.” मग त्यांनी कपाटातून जांभळ्या नाडीची एक फाइल काढली, नाडी सोडली, फाइल उघडून बरोबर मालकांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, “मला जरा हात धुऊन यायचंय. वेळ लागेल. चांगलाच वेळ लागेल.”

ते गेले. उघड्या फाइलमध्ये बोंताच्या जुन्या गेमची पोस्टरं दिसत होती. मिनेकोने मान लांब केली.

“ए!” मालकांनी तिच्या हातावर चापट मारली. “दुसऱ्याचे कागद आहेत ते!”

“उघडे ठेवलेत त्यांनी.”

“विसरले असतील बिचारे. म्हणून काय आपण बघायचं?” आणि मालकांनी फाइल मिटली, कडा सारख्या केल्या आणि तिची जांभळी नाडी नव्या किमोनोची गाठ बांधावी तशी नीट बांधून ठेवली. वर भेट म्हणून आणलेला मिठाईचा डबाही ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

अकरा मिनिटांनी हिरोसे-सान परतले. त्यांनी नाडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

“आपण फारच सभ्य आहात,” ते शेवटी म्हणाले. मालकांची छाती फुगली. नोव्हेंबरातल्या कोऱ्या गुरुवारी हामागुरीचं नाव लिहिलं गेलं.

तीन आठवडे आधी वर्तमानपत्रात पानभर ऊदमांजर आलं. ‘बोंता आणि सात धबधबे’. तारीख तीच.

मिनेकोने कानाझावाला फोन लावला. गेमच्या सगळ्या प्रती कागायाच्याच कारखान्यात तयार होत, दुसरीकडे करायला परवानगी नव्हती. “पेट्या कालच ट्रकमध्ये चढल्या,” हिरोसे-सान रडवेल्या आवाजात म्हणाले. आता पुढे ढकलणं नाही की मागे घेणं नाही.

मालकांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून जवळून पाहिलं. “ताइआनच आहे,” ते म्हणाले. “आता हे दोघांना कसं लागू पडणार?”

त्या गुरुवारी सकाळी मिनेको निप्पोनबाशीच्या मोठ्या दुकानात गेली. तिथली रांग दुकानाला वळसा घालून करी-भाताच्या हॉटेलापर्यंत पोचली होती. प्रत्येकजण ऊदमांजरासाठी उभा. ‘पाठ घासा!’ आत होता, सर्वांत खालच्या फळीवर, जिथली लादी पुसायलाच माणूस वाकतो. तीन वर्षं. शंभर पाठी तिने आठवून आठवून काढल्या होत्या, त्यातली शेवटची तिच्या वडिलांची होती.

ती बाहेर आली तेव्हा रांगेत तिला एक ओळखीची टोपी दिसली. टोपीखाली तोंडाला मास्क लावलेला उराबे.

“उराबे! तूसुद्धा?”

उराबेने महिन्याभरातलं पहिलं वाक्य उच्चारलं. “सातवा धबधबा कसा केलाय ते बघायचंय.”

त्याच्या मागे अकरा माणसं सोडून साकिको. तिने सरळ छत्री उघडून तोंडापुढे धरली, आणि पाऊस तर नव्हताच. आणि पार मागे, करी-भाताच्या हॉटेलच्या दारात, कॉलर वर केलेले मालक.

“नातू,” ते मिनेकोकडे न बघता म्हणाले. “शब्द दिला होता गं. मला काय माहीत तेव्हा?” मग जरा वेळाने, “थंडी आहे. ये, इथे माझ्या पुढे उभी राहा.”

आणि खरं सांगायचं तर मिनेकोही उभी राहिली. चिडली होती, रडवेली झाली होती, पण उभी राहिली, कारण सतराव्या वर्षापासून तिने एकही बोंता चुकवला नव्हता. त्या दुकानात दिवसभरात ‘पाठ घासा!’च्या चार प्रती खपल्या. त्या कुणी घेतल्या ते सांगायला नको.

संध्याकाळी तिने घरी बोंता लावला तो त्याला नावं ठेवायच्या तयारीने. पहिल्या धबधब्यावर तिने नाक मुरडलं. दुसऱ्यावर ती हसली. तिसऱ्यावर तिचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. ती गोल चकती होती ना, ती बोंताच्या पोटाएवढीच होती. चकती फिरली की पोट फिरत होतं, दोन्ही एकाच मापाची, एकाच माणसाने एकाच टेबलावर कोरलेली. यंत्र आधी आणि ऊदमांजर मग, असं झालंच नव्हतं. यंत्र हे ऊदमांजराचं घर होतं. ते त्याच्या मापाने बांधलेलं, आणि बाकीचे सगळे दारात चपला काढून आलेले पाहुणे. पाहुण्याने कितीही छान पाठ घासली तरी घर काही त्याचं होत नाही. मिनेकोला त्याचा राग यायला हवा होता, पण तिला वाटला तो हेवाच.

गेम पडला. मालकांनी शब्द पाळला. डिसेंबरात कमोडवाल्यांनी नमुन्याची एक बैठक आणून हामागुरीच्या संडासात बसवून दिली आणि मिनेकोने ओढा, झरा आणि मध्यम पाऊस असे तीन आवाज केले. गिऱ्हाइकाला ओढा आवडला. आपल्याला कुणी शाबासकी दिली तरी इतकं वाईट वाटू शकतं, हे तिला तेव्हा कळलं.

जानेवारीत एके दुपारी हिरोसे-सान अचानक हजर झाले. हातात कानाझावाच्या मिठाईचा डबा, काखेत पिशवी. ते इतके खाली वाकले की खालच्या दाब-यंत्राचा ठोका त्यांच्या कपाळाला जाणवला असेल.

“माफी मागायला आलोय. तारीख तोंडाने सांगायची मला बंदी आहे. म्हणून मी बाहेरच्या प्रत्येक कंपनीपुढे ती फाइल ठेवतो आणि बाहेर जातो. सगळे बघतात. निशिवाकी-सान, सतरा वर्षांत नाडी बांधून ठेवणारे तुम्ही पहिले.”

मालकांचा चेहरा हळूहळू लाल झाला. “म्हणजे ती... बघण्यासाठी होती?”

“‘पाठ घासा!’ आमच्या थोरल्या मालकांनी पुरा केला,” हिरोसे-सान म्हणाले. “शेवटच्या पाठीपाशी त्यांनी डोळे पुसले. हामागुरी पुढे काय करतेय, असं विचारत होते.”

“काही नाही,” मालक म्हणाले. “आम्ही आता पाण्याचे आवाज करतो. घरी तसा शब्द दिलाय.”

हिरोसे-सानांनी मान डोलावली. मग पिशवीतून जांभळ्या नाडीची फाइल काढली, बांधलेली तशीच मालकांच्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, “आपला संडास कुठे आहे? मला वेळ लागेल.”

ते आत गेले. दार लागलं. थोड्या वेळाने आतून ओढा वाहू लागला.

मालकांचे हात गुडघ्यांवर होते आणि फाइलकडे बघता बघता त्यांच्या मिशीखालचे ओठ हलत होते. मिनेकोने श्वास रोखून धरला. ही फाइल उघडली नाही तर ओढा, झरा आणि मध्यम पाऊस. नंतर बहुधा मुसळधार.

“दुसऱ्याचे कागद मी बघणार नाही,” मालक म्हणाले.

मिनेकोची मान खाली गेली.

“ओबाता, तू बघ.” आणि ते खोक्यावरच गर्रकन वळून भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरकडे तोंड करून बसले. “तारखा मोठ्याने वाच. मी काही वाचत नाहीये, मला नुसतं ऐकू येतंय.”

मिनेकोने नाडी ओढली. सगळी पोस्टरं उलटून तिने प्रत्येकावरची तारीख वाचली. उराबेने जुनी पंचांगं संगणकावर काढून एकेक ताडून पाहिली.

“ताइआन,” तो म्हणाला. “ताइआन. ताइआन. सगळी ताइआन.”

“म्हणजे शुभ दिवस ऊदमांजराचे,” मालक भिंतीला म्हणाले. “चोवीस वर्षं. आणि सगळ्या जगाला ठाऊक होतं.” त्यांचं बोट कॅलेंडरवर एकेक गुरुवार खाली सरकत गेलं. “मग ऊदमांजर कधीच येणार नाही, असा कुठला?”

“बुत्सुमेत्सु,” मिनेको म्हणाली.

बोट थांबलं. खाली दाब-यंत्राचा ठोका पडला, चहात तरंग उठले. आतला ओढा बंद झाला आणि दाराची कडी वाजली.

“साकिको, बायकोला फोन लाव, मी बोलतो तिच्याशी,” मालक म्हणाले. “ओबाता, कागद घे. आणि उराबे, पळ. हिरोसे-सानांना सांग, अजून दहा मिनिटं बाहेर येऊ नका. हवं तर झरा लावा म्हणावं.”