दोघी बहिणींचं रक्त

रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करण्यात बाईंची सव्वीस वर्षं सरली होती. डॉक्टर म्हणून सुरुवात झाली, मग त्या प्रयोगशाळेत रमल्या त्या रमल्याच. जुन्या पेशंटांच्या रक्ताचे नमुने त्यांनी फ्रीजरमध्ये जिवापाड जपले होते. वीज गेली की त्या आधी फ्रीजरची चौकशी करत, मग घरच्यांची. यजमानांनीही हा क्रम निमूट मान्य केला होता.

रक्तातले जन्मजात दोष दाखवणारं नवं यंत्र आलं तसं बाईंनी रीतसर परवानगी घेऊन ते नमुने पुन्हा तपासायला काढले. तिसऱ्याच आठवड्यात एका शिंपिणीच्या नमुन्यापाशी त्या अडखळल्या.

ती त्यांच्या चांगली लक्षात होती. बावीस वर्षांपूर्वी ती दाखल झाली तेव्हा तिची मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती, नवरा आधीच गेलेला. धाकट्या बहिणीचा बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, तंतोतंत जुळला म्हणून बाईंनी तोच निवडला. पण तो धड रुजलाच नाही. चार महिन्यांत शिंपीण गेली. का, ते कुणालाच उमगलं नव्हतं.

आता ते पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. बहिणीचाही तेव्हाचा नमुना शेजारीच जपलेला होता, आणि दोघींच्या रक्तात एकच दोष होता, जन्मापासूनचा. आजारी रक्त काढून त्याच जातीचं रक्त तिच्या अंगात घातलं गेलं होतं. बाईंचा चहा समोर निवून गेला.

बहिणीलाही धोका होता, तेव्हा कळवणं भागच होतं. सहकाऱ्याचं म्हणणं, पत्र पाठवलं तरी चालेल. बाईंचं मन घेईना. त्या स्वतः गेल्या.

बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. भाचीला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं, आणि मग जे सांगायला जीभ उचलत नव्हती तेही सांगितलं.

"तेव्हा हे ओळखायची सोय नव्हती. पण तुम्हाला निवडलं होतं मी."

बहिणीने हातातल्या फडक्याची घडी घातली.

"आमचं तेव्हा भांडण झालं होतं," ती म्हणाली. "आईच्या शिलाई मशीनवरून. मी द्यायला आले, पण मनात अढी ठेवून आले. मला वाटायचं, म्हणूनच ते ताईला लागलं नाही."

बावीस वर्षं ही हे उरावर घेऊन जगली होती.

"अढी रक्तात उतरत नाही हो," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर रक्तच बघत आलेय."

तेव्हा कुठे ती रडली, अगदी पोटभर. मग डोळे पुसून तिने एकच विचारलं, पोरीचं काय?

पोरीचं रक्त लख्ख निघालं. मावशीची मात्र दर तीन महिन्यांनी तपासणी सुरू झाली आणि चौथ्या खेपेला पेशी बिघडू लागल्याचं दिसलं. आजार अजून उंबरठ्याशीच होता. आता उशीर नको, असं वॉर्डातल्या डॉक्टरांनी बजावलं. भाचीचा मॅरो अर्धा जुळत होता, आणि आताशा अर्ध्यावरही काम भागतं, हे बाईंनी दोघींना समजावलं.

मावशी अडून बसली. पोरीला सुई टोचून मला जगायचं नाही, म्हणाली. भाचीने वाद घातला नाही. ती नुसती शेजारी बसली.

"मला पहिली आई आठवतसुद्धा नाही," ती म्हणाली. "दुसरीला तरी राहू दे."

मावशीने सहीसाठी संमतीचा कागद मागून घेतला. पुढचे दिवस कठीण गेले. केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोटही उतरेना. बाईंचं वॉर्डात काही काम नसे, तरी त्या रोज संध्याकाळी काचेबाहेर येऊन उभ्या राहत.

भाचीचा मॅरो चढवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी सकाळी पेशींचा आकडा वर सरकला. दुसऱ्या दिवशी आणखी वर. त्या पेशी भाचीच्याच होत्या, बाईंनी दोनदा तपासून पाहिलं. कागद घेऊन त्या खोलीत गेल्या तेव्हा मावशीला गाढ झोप लागली होती आणि भाची तिचे पाय चेपत होती. बाईंनी तिला कागद दाखवला. तिने तो वाचला, ओठांवर बोट ठेवलं आणि सरकून बाईंना बाकावर जागा करून दिली.

मावशीला जाग येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.