पहिली खोली

“मावशी, हे कवच या डबीत आलं कसं?”

नव्या सरांनी विचारलं तेव्हा मी ब्रशचं टोक ओलं करत होते. सव्वीस वर्षं माझं काम एकच. समुद्रतळाचा गाळ चाळणीवर धुवायचा आणि त्यातली सूक्ष्म जिवांची, वाळूच्या कणाएवढी कवचं भिंगाखाली एकेक उचलून, थराप्रमाणे डब्यांत ठेवायची.

“गाळातूनच आलं असणार, सर.”

“हा थर तीन कोटी वर्षांपूर्वीचा. हा जीव त्यानंतर कितीतरी काळाने आला. पणजोबाच्या लग्नाला पणतू हजर, असं झालं हे.” ते हसले नाहीत. “चाळणी नीट धुतली होती?”

“चाळणीतलं असतं तर निळं दिसलं असतं.”

प्रत्येक गाळानंतर आम्ही चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवतो. जाळीत अडकून राहिलेलं कवच निळं होतं आणि पुढच्या गाळात लगेच पकडलं जातं. हे मात्र पांढरं होतं.

“मग तुमच्या ब्रशला चिकटून आलं. आणि आजवर असं किती वेळा झालं असेल कोण जाणे. तुमचं सगळं कपाटच बाद करावं लागेल.”

कपाटात माझ्या हातच्या चार हजार डब्या होत्या.

“पाणी कुठेतरी मुरतंय,” घरी हे म्हणाले. “त्या नव्या सरांना तुझ्या जागी कवचं वेचणारं यंत्र आणायचंय. त्यांनीच टाकलं असेल ते.”

मला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी झाकण आणि डबी यांच्या सांध्यावर पेन्सिलीची बारीक खूण करू लागले, कोणी उघडली तर कळावं म्हणून. सर माझ्या ब्रशकडे बघत, मी त्यांच्या हातांकडे.

तिसऱ्या दुपारी मी ती डबी पुन्हा काढली. खूण जागच्या जागी होती.

सहलीला येणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते, या जिवाला ना हात, ना डोळे. सगळा मिळून एकच पेशी. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला चुना ओढून घेऊन तो स्वतःभोवती खोली बांधतो. वाढला की तिच्या शेजारी मोठी, मग त्याहून मोठी. जुनी तो मोडत नाही. पहिली, सगळ्यात लहान खोली मधोमध तशीच राहते. ती बघायची तर कवच ओलं करायचं, म्हणजे भिंत काचेसारखी होते.

मी डबीतल्या त्या कवचावर पाण्याचा थेंब सोडला.

मधोमध टाचणीच्या टोकाहून बारीक निळा ठिपका होता. बाहेरचा रंग धुऊन गेला होता, पहिल्या खोलीतला राहिला होता. वेचताना कोरड्या कवचावरही फिकट निळी झाक असणार. मला ती दिसली नव्हती.

थेंब वाळला असता, तर कोणाला कळलंही नसतं. मी कपाटाकडे पाहिलं आणि सरांना हाक मारली.

“चाळणीतलंच आहे, सर. ब्रशचा दोष नाही, डोळ्यांचा आहे. ही एक डबी बाद करा. बाकीच्या थेंब टाकून तपासता येतील.”

ते वाकले. “धूसर दिसतंय.”

“भिंग माझ्या नजरेला लावलंय. फिरवा.”

त्यांनी फिरवलं. बराच वेळ बघत राहिले.

“कपाट राहील, मावशी,” ते म्हणाले.

मी खुर्चीवरून उठले. ब्रशचं टोक बोटांनी सरळ केलं आणि तो त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला.