घरी कोण असतं?

पद्माकरांनी सोफ्यामागच्या वायरी गोळा करून पिशवीत कोंबल्या, तेवढ्यात बेल वाजली. कुत्रा द्यायचा की नाही हे ठरवण्याआधी प्राणिसंस्थेच्या बाई घर बघायला आल्या होत्या. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसा पद्माकरांनी सकाळपासून फ्लॅट लखलखीत केला होता. बायको गेल्यावर मुलाने, अनयने, त्यांना पुण्याहून जर्मनीत, एर्लांगेनला आणलं. इथे आल्यापासून त्यांनी हट्ट असा हा कुत्र्याचा एकच धरला होता.

त्या बाई, फ्राऊ लेहमन, बूट काढून आत आल्या आणि जर्मनमध्ये बोलू लागल्या. अनय मराठीत सांगत गेला.

"आयर्लंडच्या शर्यतीतला ग्रेहाउंड आहे, बाबा. अर्धं मिनिट पळवतात आणि उरलेला दिवस खुराड्यात. बंदीच हवी यावर. मी पिटिशन साइन केलीय."

"बंदी आली, तर ही कुत्री दिवसभर करणार काय?"

अनयने ते विचारलं. बाई हसल्या.

"म्हणतायत, आयतं खायचं आणि मऊ गादीवर लोळायचं."

पद्माकरांनी सोफ्याचा अभ्रा सारखा केला. तो सकाळपासून सारखाच होता.

"घरी कोण असतं, विचारतायत. मी सांगितलं, आम्ही दोघं नवराबायको ऑफिसला, पण बाबा दिवसभर घरीच."

बाई भलत्याच खूश झाल्या. मग गंभीर होऊन बराच वेळ बोलल्या. फार वेळ एकटं ठेवणं हा क्रूरपणाच, अशी कुत्री दाराशी उभी राहतात, जेवत नाहीत.

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, अशी अनयने जोरजोरात मान हलवली.

पद्माकरांना ते लागलं. पण कुत्रा त्यांना हवा होता, अगदी हवाच होता, म्हणून तेही हसले.

आता बाईंनी थेट त्यांच्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"तुम्ही असूनही तो दाराशीच उभा राहिला, तर काय कराल?" अनयने सांगितलं.

यासाठी पद्माकरांना विचार करावा लागला नाही.

"जवळ जाऊन बसेन. सांगेन, अंधार पडला की येतात रे दोघं. दमलेली असतात. आल्या आल्या त्यांच्या मागे लागायचं नाही."

बाई अनयच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

"आल्झो..." म्हणजे 'तर...' एवढंच अनय म्हणाला, आणि त्याला पुढचं बोलता येईना.

"सांग ना त्यांना," पद्माकर काकुळतीने म्हणाले. "नाहीतर त्यांना वाटेल, मला जमणार नाही."