रामसिंग महाराजांच्या जीपचं नाक

रामसिंग महाराजांची जीप बोरी अरबच्या अलीकडच्या वळणावर आली की तांड्यातल्या बाया चहाचं आधण ठेवत. गाडी दिसायच्या कितीतरी आधी तिचा आवाज यायचा. भरल्या घशाचा, जरा घोगरा, सप्ताहभर गायलेल्या माणसाचा असावा तसा. जीप हाकायचा खेमसिंग. महाराज कीर्तनाला उभे राहिले की हाच खेमसिंग मागच्या रांगेत टाळ घेऊन उभा असे. देव कुणाला कंठ देतो, कुणाला कान. खेमसिंगच्या वाट्याला कान आले होते, आणि त्याची त्यानं कधी तक्रार केली नाही. महाराजांनी चाल अर्ध्या सुरानं चढी धरली तरी त्याला कळायचं, आणि इंजिनाच्या एखाद्या नोझलनं आळस केला तरी कळायचं.

महाराज गेले. त्यांची वीणा लेकीनं, बबितानं, गळ्यात घातली आणि गावोगावची कीर्तनं सांभाळली. जीप मात्र लिंबाखाली उभी राहिली. तिच्या हवेच्या डब्याला, म्हणजे इंजिन ज्यातून श्वास घेतं त्या जुन्या लोखंडी डब्याला, गंजून भोकं पडली. तसला डबा आता कुठं मिळेना.

"नवा बसवून आणा, काकाजी," बबिता म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. आता इंजिनाचं काम निघालं तर मी गाडी ठेवत नाई. भंगारात देऊन टाकीन. बापूची हाय म्हणून किती दिवस ओढाची?"

"तसं काई होत नाई, बेटी," खेमसिंग म्हणाला. पण तो शब्द, भंगार, त्याच्या छातीत रुतून बसला.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला संघदीपचं गॅरेज होतं. पोरगा मनमिळाऊ. त्यानं टेबलावर तीन वस्तू मांडल्या. पहिला, चारी बाजूंनी बंद असा प्लास्टिकचा डबा, जुन्याच्याच जागी वर बसणारा. दुसरी, बॉनेटच्या बाजूनं निघून पार छपरापर्यंत जाणारी काळी नळी, हत्तीनं सोंड वर करावी तशी. तिसरा, जाळीचा लाल शंकू. तो एका पाइपाच्या टोकाला, खाली बंपरच्या मागं बसायचा.

"पोट्टे हेच नेतात," शंकू उचलून संघदीप म्हणाला. "थंडी हवा भेटते, आवाज भारी येते. पण तुमाले मी हा देत नाई. तोंड खाली हाय याचं. पाण्यात घातली तर हवेसंगं पाणी ओढते. हवा दबते, काकाजी, पाणी दबत नाई. पिस्टन वर येते आन् अडकते, रॉड वाकडा होते. तुमचे रस्ते नाल्यायचे. सोंड न्या, नाईतर डबा तरी."

"तिन्ही लावून दाखव बाप्पा एकेकदा."

"कायले?"

"आयकाचं हाय."

संघदीप हसला, पण त्यानं म्हाताऱ्याचं मन मोडलं नाही. डबा लावला, जीप घसा बसल्यासारखी बोलली. सोंड लावून पाहिली. आवाज तर पार दूर गेला, शेजारच्या घरात कुणी दळतंय असा. मग शंकू लावला, आणि खेमसिंग उभ्या जागी थिजला. तोच! वळणावरचा, चहाच्या आधणाचा आवाज. त्याला वाटलं, आता दार उघडेल, पागोटं सावरत महाराज चढतील आणि म्हणतील, चल खेमा, लोक बसले असतील.

"हाच दे," तो म्हणाला.

"काकाजी, मी सांगतलं हाय बरं. आन् पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारजा नोको. तेवढं तरी आयका."

खेमसिंगनं मान हलवली. त्याचं लक्ष होतं कुठं!

श्रावणात दारव्ह्याच्या पलीकडच्या एका गावी सप्ताह होता. तिथलं काल्याचं कीर्तन महाराजांचंच असायचं. यंदा पहिल्यांदा ते बबिताला दिलं होतं. सकाळीच निघाले. पुढं बबिता, मागं मृदंग घेऊन नागोराव आणि टाळकरी. जीप अशी काही बोलत होती की नागोराव म्हणाला, "खेमसिंगभाऊ, ही गाडी त तुमच्यापरीस जवान झाली!"

"तू मृदंग सांभाळ," खेमसिंग म्हणाला. पण मिशीत हसला.

वर डोंगरात पाऊस झाला होता. गावाच्या अलीकडच्या नाल्याचं पाणी रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या फरशीपुलावरून, वाहत होतं. नागोराव धोतर खोचून उतरला, मधोमध जाऊन आला. पाणी गुडघ्याच्या थोडं वर. खेमसिंगनं पाण्याकडं पाहिलं. एवढ्या पाण्यातून ही जीप किती वेळा गेली असेल! महाराज खिडकीतून हात काढून पाण्याला नमस्कार करायचे आणि जीप पलीकडं चढायची. त्यानं गिअर टाकला.

जन्माची सवय ती. तिला ठाऊक होतं जुन्या डब्याचं तोंड, वर, बॉनेटखाली. लाल शंकू खाली बंपरमागं आहे, हे हातापायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मधोमध पोचली आणि जीप थांबली.

"गजर धरा रे," मागून नागोराव म्हणाला. ही जुनी रीत. गाडी बंद पडली की महाराज गजर धरायचे, टाळ वाजायचे, खेमसिंग सेल्फ मारायचा आणि दोन-चार हिसक्यांत गाडी सुरू. टाळ वाजू लागले. विठ्ठल विठ्ठल. खेमसिंगचा हात चावीवर गेला.

आणि तिथंच राहिला.

गाडी बंद पडते तेव्हा आवाज विझत जातो, थकल्यासारखा. हा विझला नव्हता. आवाज चांगला भरात असताना आतून एकच ठक्क झालं होतं आणि सगळं तुटलं होतं, मृदंग वाजता वाजता कुणी पुड्यावर पालथा पंजा ठेवावा तसं. हिच्या पोटातून असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. आता त्याला संघदीपचे शब्द आठवले.

"मारा न सेल्फ, काकाजी!" बबिता म्हणाली. "लोक बसले असतीन."

"नाई."

"नाई म्हंजे?"

"पाणी पेली ती. आता सेल्फ मारला त आतले हाडं मोडतीन."

"एकदा मारून त पाहा. माह्या बापूच्या जागेवर मले पहिल्यांदा बलावलं, आन् मी काल्याले चुकू?"

मागं टाळ थांबले. नागोराव म्हणाला, "आवं, देवाचं नाव घेऊन एक डाव मारून पाहा. त्यानं काय होते?"

एरवी देवाचं नाव निघालं की खेमसिंगचं डोकं आपोआप खाली जाई. आज त्यानं चावी काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. "देवाचं नाव घेऊनच नाई म्हणतो," तो म्हणाला. "तुमी चालत जा. पलीकडून गाव दूर नाई. नागोराव, बेटीचा हात धर."

बबितानं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले ते रागानं. वीणा डोक्यावर धरून ती पाण्यात उतरली. मागून मंडळी गेली. महाराजांच्या घरचं एकही काल्याचं कीर्तन आजवर न चुकवलेला खेमसिंग बॅटरीची वायर सोडवून एकटा रपट्यावर उभा राहिला. वाऱ्यावर मंडपाच्या भोंग्याचा आवाज येई, जाई. शब्द काही कळत नव्हता. तरी हात जोडूनच उभा होता बिचारा.

पाणी उतरल्यावर एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरनं जीप ओढली. दुसऱ्या दिवशी ती लोहाऱ्याला दोरीनं बांधून आली. बबिताही आली, अजून रागातच. संघदीपनं नोझल खोलले, समोर फडकं धरलं आणि इंजिन पान्यानं हातानं फिरवलं. वरच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. दुधासारखं पांढरं झालेलं ऑइल त्यानं खाली काढलं. मग पुन्हा फिरवलं, हळूहळू, कान लावून.

"तुमी आयका, काकाजी."

खेमसिंगनं कान लावला. कुठं खरखर नाही, अडकणं नाही. एका लयीत फिरत होतं.

"सरळ हाय रॉड," संघदीप म्हणाला. "एक सेल्फ मारला असता त संपली होती. कोणं अडवलं?"

बबितानं खेमसिंगकडं पाहिलं. "यायनंच. माह्याशी भांडून," ती म्हणाली. मग हळूच, "राहू द्या गाडी. भंगाराचं मी बोलली ते सोडा."

खेमसिंगनं लाल शंकू आपल्या हातानं काढला. "सोंड लाव," तो म्हणाला. आवाज जाणार होता, ते त्याला ठाऊक होतं. संघदीप नळी कसत होता तोवर तो बाहेर जाऊन उभा राहिला.

परतताना जीप नुसती गुणगुणत होती. दारव्ह्याचा रस्ता लागेपर्यंत खेमसिंगला घरात कुणी नसल्यासारखं वाटत राहिलं.

"काल तुमी असते त बरं झालं असतं," बबिता म्हणाली. "शेवटाले बापूची चाल घेतली. बरोबर झाली का चुकली, सांगणारं कोणी नोयतं."

"म्हण इथं."

"गाडीत?"

"म्हण त."

तिनं आवाज न चढवता धरली. आणि खेमसिंगला नवल वाटलं. महाराज शेजारी बसून इतकी वर्षं म्हणायचे, पण जीपच्या त्या घोगऱ्या आवाजात अर्धे शब्द वाहून जायचे. तो नुसती मान हलवायचा. आज अक्षर अन् अक्षर कानात पडत होतं. दुसऱ्या ओळीला बबितानं जिथं दम घेतला, तिथंच महाराजही घेत.

"थांब," तो म्हणाला.

"चुकली काय?"

"नाई. पुढं खड्डे हायेत. तेवढे जाऊ दे, मंग पहिल्यापासून म्हण."