पाणी निवळल्यावर

मी माशांची एक जुनी टाकी आहे. तीन फूट लांब, दीड फूट उंच आणि डाव्या कोपऱ्यात नखाएवढा टवका उडालेली. मित्रांनो, काचेला आपला जन्म कुठला आठवायला, असं तुम्हाला वाटेल. मला आठवतो. साताऱ्यात मानसिंगच्या दुकानात फरशीवर पाच काचा पडल्या होत्या. त्यानं त्या सिलिकॉननं एकमेकींना चिकटवल्या आणि पुरता एक दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मग पाणी भरलं. एक थेंब गळला नाही, तेव्हा मी झाले.

पहिली आठ वर्षं मी एका दातांच्या दवाखान्यात काढली. गाल धरून बसलेली मुलं माझ्या काचेला नाक लावून सोनेरी मासे मोजायची आणि मोजता मोजता दाढ विसरायची. पुढं तिथं भिंतीवर टीव्ही आला आणि मी जिन्याखाली गेले. दोन वर्षं माझ्या पोटात जुनी वर्तमानपत्रं होती.

मानसिंगनंच मला तिथून काढलं आणि सांगलीला राजवर्धनच्या घरी पोचवलं. राजवर्धन नौदलात आहे. सुट्टी संपायच्या आधी त्यानं माझ्यात खारं पाणी भरलं, दगड रचले, निळा दिवा टांगला, पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे सोडले आणि प्रवाळांची पाच कलमं लावली. समुद्रातून तोडलेली नव्हेत, टाकीतच वाढवलेली. नऊ वर्षांच्या साक्षीला तो म्हणाला, "मी असतो तिथलं थोडं तुझ्यापाशी ठेवून चाललोय. सांभाळ."

तुम्ही प्रवाळ जवळून पाहिलंय? दगड वाटतं, झाड वाटतं, पण तो इवल्या जिवांचा गोतावळा असतो. दिवा लागला की एकेक तोंड उघडतं आणि केसाएवढी बोटं पाण्यात हलवू लागतं. साक्षी ते बघायला शाळेचा डबा हातात घेऊन उभी राहायची.

तिची आई स्वप्नाली माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायची. थर्मामीटर असूनही ती आधी हाताची मागची बाजू माझ्या काचेला लावायची, साक्षीचा ताप बघावा तशी. माझी एक वहीही होती. तारीख, पाण्याची उष्णता, मीठ, क्षार, सगळं त्यात.

तरी एका आठवड्यात माझं पाणी ताकासारखं पांढरट झालं. स्वप्नालीनं शोध लावला, की सकाळी साक्षी माशांना खाऊ घालते आणि संध्याकाळी ती स्वतः घालते. उरलेलं कुजत होतं. खाऊ एकवेळचा झाला, गाळणीचा स्पंज धुतला आणि दर रविवारी दोन बादल्या जुनं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं ठरलं.

तेव्हाच जतकडच्या गावाहून हरणाबाई, राजवर्धनची आई, महिनाभर राहायला आल्या होत्या. बादल्या मोरीत रिकाम्या होताना बघून त्यांचा जीव कासावीस झाला.

"आगं, येवढं पानी वततीस? आमच्याकडं टँकर आठ-आठ दिस येत न्हाई."

"आत्या, खारं आहे हो ते. झाडालाही चालत नाही." सासूला ती आत्याच म्हणते.

"मग असल्या पान्याचं कौतिक तरी कशाला!"

दोन दिवसांनी मी एकदम नितळ झाले. मागच्या भिंतीवरचा खिळाही माझ्यातून दिसू लागला. शेजारची पल्लवी म्हणाली, "पाणी आहे का नाही तेच कळंना!" मीही फुशारले.

आणि प्रवाळं मिटली. आधी तोंडं उघडेनात, मग अंगाला चिकट बुळबुळ आली, मग पांढरा सांगाडा उरला. एक, दोन, तीन. चौथं गेलं तेव्हा उरलं फक्त एक जांभळं.

मला कारण ठाऊक होतं. दुपारी घर रिकामं झालं की वरून एक सुरकुतलेला हात यायचा, पाण्यात सात-आठ वेळा गोल फिरायचा आणि निघून जायचा. हात मायेचा होता. पण मी सांगणार कशी?

स्वप्नालीच्या वहीत क्षारांचा आकडा रोज खाली येत होता. तिनं औषध घातलं, तरी खालीच. तिनं साक्षीला दटावलं, "तू काही टाकलंस का?" साक्षी रडली. मग सासूला विचारलं, "आत्या, टाकीत कुणी हात घातला होता का?"

"माझ्या हाताला काय इख हाय व्हय?" हरणाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

स्वप्नाली माझ्यापुढं येऊन बसली. "येत्या रविवारपर्यंत हे उघडलं नाही तर टाकी रिकामी करायची. मासे मानसिंगभाऊंना देऊन टाकू. मला नाही बघवत एकेक जाताना." बाबा 'सांभाळ' म्हणून गेलेत, याची साक्षीनं आठवण दिली, पण आईनं नाही म्हणून मान हलवली.

शुक्रवारी मानसिंगचा फोन आला. "वैनी, पानी नितळ हाय म्हंजी बरं हाय, असं नसतं. घरातलं काय काय त्या पान्याला लागतंय ते सगळं लिवून काढा."

वही साक्षीनं घेतली. ती आजीजवळ गेली आणि तिनं भलतंच विचारलं.

"आजी, तुमच्या गावचा टँकर गढूळ आला, तर तुम्ही काय करता गं?"

हरणाबाईंचा चेहरा उजळला. "त्यात काय! तुरटीचा खडा घ्यायचा, हांड्यात गरगर फिरवायचा. गाळ बसतो खाली, पानी काचंवानी. तुझ्या आईची टाकी कुनी निवळली? मीच की! एक दिसाआड फिरवतीया."

साक्षीची पेन्सिल थांबली. दारात उभी राहून स्वप्नाली ऐकत होती. हरणाबाईंनी दोघींच्या तोंडाकडं पाहिलं.

"म्हंजी... मीच मारली व्हय ती?"

स्वप्नालीचं तोंड रागानं लाल झालं होतं. पण ती खाली बसली. "तुरटी प्रवाळांना सोसत नाही, आत्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं. आणि मी विचारलं ते असं, की कुणीही गप्पच बसलं असतं."

लगेच पाणी बदलायचं ठरलं. स्वप्नाली मीठ कालवू लागली. मोरीकडं जाणारी पहिली बादली हरणाबाईंनी तिच्या हातातून घेतली. आणि आयुष्यात थेंब सांडू न देणाऱ्या त्या बाईनं ती स्वतः ओतून टाकली. मग दुसरी. शनिवारी पुन्हा दोन. पाण्यातलं नको ते शोषून घ्यायला गाळणीत कोळशाची पिशवीही आली.

रविवारी सकाळी दिवा लागला. तिघी माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. काहीच हललं नाही. चहा निवला. स्वप्नाली उठायला लागली, तेवढ्यात हरणाबाईंनी तिचा पदर ओढला.

"थांब की गं. खालचं त्ये बघ."

जांभळ्या कलमाच्या बुडाशी एक तोंड उघडलं होतं. एकच. केसाएवढी बोटं बाहेर काढून ते पाणी चाचपून बघत होतं.

मित्रांनो, माझ्यात मासे नसले तरी चालेल, पण मी बिघडल्यावर माझ्याभोवतीची माणसं एकमेकांवर ओरडलेली मला सोसत नाहीत. माझी काळजी घ्यायची असेल तर खाऊ कमी घाला, पाणी नेमानं बदला. आणि काही बिनसलं तर साक्षीसारखं विचारा. वहीत त्या दिवसाची नोंद तिच्या अक्षरात आहे: "तुरटी बंद. एक उघडलं. आजीनं आधी बघितलं."