कागदावरचा पगार

कर भरायचे दिवस जवळ आले की भल्याभल्या माणसांची स्मरणशक्ती विचित्र वागू लागते. आलेले पैसे आठवत नाहीत आणि न केलेले खर्च मात्र धडाधड आठवतात. आपल्या शेठचंही तेच झालं होतं.

शेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नोकरी सुटल्यावर त्याने घरच्या पुढच्या खोलीतून चिनी मातीचे कप ऑनलाइन विकायला सुरुवात केली, तेव्हा दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, थट्टेने त्याला शेठ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. पण तीन वर्षांत धंद्याने खरंच बाळसं धरलं. आता त्या खोलीत पाहुण्याला टेकायला जागा नव्हती. सोफ्यावर खोकी, टेबलावर चिकटपट्ट्या, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध जमिनीवर बसलेली वहिनी.

कप फुटत नसत ते वहिनीमुळे. आधी कपाच्या कानाला कागदाची पट्टी गुंडाळायची, मग कपाच्या पोटात चुरगळलेला कागद कोंबायचा, मग जाड पुठ्ठा, आणि खोकं बंद झालं की ते हलवून बघायचं. जरा जरी खडखडलं तरी पुन्हा उघडायचं. सकाळचं स्वयंपाकपाणी आटपून ती बसायची ती दुपारी कुरिअरवाला दार वाजवेपर्यंत. ग्राहक लिहायचे, ‘पॅकिंग फार सुंदर.’ त्याखाली शेठ उत्तर द्यायचा, ‘आम्ही विशेष काळजी घेतो.’ या ‘आम्ही’त कोण कोण येतं, याचा विचार त्याने कधी केला नव्हता. वाईट मनाचा होता असं नाही. आपल्यापैकी बरेचजण करत नाहीत, तसा त्यानेही केला नाही, इतकंच.

तर धंदा वाढल्यामुळे यंदा पहिल्यांदाच कराचं विवरणपत्र भरायचं म्हणून शेठ करसल्लागार बाईंकडे गेला. बाईंचं ऑफिस एका छापखान्याच्या वर होतं. खाली यंत्र सुरू झालं की बाईंच्या टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या, पण बाई स्वतः कशानेही हलत नसत.

"उत्पन्न?" बाईंनी विचारलं.

शेठने बँकेत जमा झालेला आकडा सांगितला.

"हे हातात आलेले. विक्री किती झाली?"

"पण साइटवाले कमिशन कापूनच पाठवतात. जे मिळालंच नाही ते माझं उत्पन्न कसं?"

"विक्री पूर्ण लिहायची आणि ते कमिशन खर्चात वजा करायचं. शेवटी उरतं तेवढंच, पण लपवल्याचा डाग लागत नाही. आणि साइटवाले सगळी विक्री कळवून मोकळे झालेले असतात, बरं का." बाईंनी खर्चाचा कागद पुढे ओढला. "हे बूट कशाचे?"

"कुरिअरवाला आला नाही तर पार्सल द्यायला चालत जातो ना मी."

"चालता ते ठीक आहे. लग्नालाही हेच बूट घालून जाता ना?"

बूट गेले. सोफा गेला. मित्रांबरोबर केलेली सहल ‘बाजारपेठेचा अभ्यास’ या नावाने लिहिली होती, तीही गेली. पण गंमत म्हणजे बाईंनी कितीतरी खर्च स्वतःहून घातले. वजनकाटा, परत आलेल्या पार्सलांचं भाडं, फुटका निघालेला माल, घरच्या इंटरनेटचा धंद्यापुरता हिस्सा. हे शेठच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"खरा खर्च सोडायचा नाही आणि खोटा लिहायचा नाही," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे नुकसान तुमचंच आहे."

तरीही कराचा आकडा ऐकून शेठचा चेहरा उतरला. जिना उतरता उतरता त्याने मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या आपल्या मित्राला फोन लावला. मित्र या बाबतीत स्वतःला फार पोहोचलेला समजायचा.

"घरात कोणी बाईमाणूस आहे ना?" मित्र म्हणाला. "तिला पगार दिला असं दाखव. पावत्यांवर सह्या घे. झालं काम."

शेठला हे एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने वर्षभराच्या पावत्या छापून आणल्या आणि वहिनीसमोर ठेवल्या. "वहिनी, जरा इथे सह्या कर गं."

वहिनीने हातातला कप खाली ठेवला आणि सगळ्यात वरची पावती वाचली. ‘पॅकिंगच्या कामाचा पगार मिळाला.’ खाली रक्कम होती. तिने दुसरी पावती वाचली, मग तिसरी.

"भाऊजी, हे पैसे मला मिळाले?"

"अगं, मिळाले असं फक्त लिहायचं."

वहिनीने हातातली पावती गठ्ठ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "गेल्या महिन्यात माझी दाढ ठणकत होती. तुमच्या दादांकडे पैसे मागितले, तर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. अजून मी एकाच बाजूने जेवते. आणि या कागदावर तर वर्षभर माझ्याजवळ पैसे होते."

शेठने पेन तिच्यापुढे सरकवलं.

"सही केली तर मी खोटी ठरते. नाही केली तर घरात वाईट ठरते. तुम्हीच सांगा, काय करू?" तिचा आवाज चढला नव्हता. डोळे मात्र भरले होते. तिने पावत्या नीट सरळ करून त्याच्या हातात दिल्या आणि पुन्हा कप गुंडाळायला घेतला.

खरं तर तिथेच शेठला लाज वाटायला हवी होती. पण आधी आला तो राग. घरच्याच माणसाने एवढ्याशा सहीसाठी अडवावं? तो तडक बाईंच्या ऑफिसात गेला आणि सगळी हकीकत सांगितली. त्याला वाटलं, बाई काहीतरी दुसरी वाट काढून देतील.

बाईंनी शांतपणे विचारलं, "वहिनी काम करतात का?"

"रोज करते."

"त्यांनी नाही केलं तर?"

"तर माणूस ठेवावा लागेल."

"त्याला पगार द्याल?"

"द्यावाच लागेल. फुकट कोण करेल?"

हे बोलता बोलताच शेठ थांबला. पण बाई थांबल्या नाहीत.

"म्हणजे काम खरं आहे. हा खर्च तुमच्या हक्काचा होता, कोणी नाकारला नसता. तुम्ही तो केलाच नाही, आणि आता केल्याचं लिहून मागताय. सरकारला फसवणं तर आहेच हे. पण सरकारच्या आधी कोणाला फसवलंत?"

"पण बाई, घरच्या माणसाला पगार कसा देणार? ती मला आईच्या जागी आहे."

"आईच्या जागी आहे असं म्हणण्याने वर्षाला तुमचे किती वाचतात, ते कधी मोजलंत?"

शेठच्या डोळ्यांपुढे वहिनीचे हात आले, पुठ्ठ्याच्या कडांनी कापलेली बोटं आणि त्यांना गुंडाळलेली चिकटपट्टी. चिकटपट्टीचा खर्च त्याने पैशापर्यंत लिहिला होता!

"मग आता काय करू?" त्याने विचारलं.

"या वर्षीच्या विवरणपत्रात तो पगार येणार नाही. जो दिला नाही तो लिहायचा नाही. कर पूर्ण भरा. आणि या महिन्यापासून वहिनींना पगार द्या, बाहेरच्या माणसाला दिला असता तेवढाच, त्यांच्या स्वतःच्या खात्यात. पुढच्या वर्षी ताठ मानेने लिहा."

त्या संध्याकाळी जेवताना शेठने विषय काढला. दादाचा घास हातातच राहिला. "घरात पगार? लोक काय म्हणतील?"

"लोक पॅकिंग करायला येत नाहीत, दादा." शेठ वहिनीकडे वळला. "वहिनी, माझं चुकलं. त्या पावत्या फाडून टाकल्या मी. पहिली गोष्ट, उद्या तू दाताच्या डॉक्टरांकडे जायचंस, आणि त्याचा खर्च तुझ्या पगारातून नाही. तो माझ्याकडे तुझं जे राहिलंय, त्यातला पहिला हप्ता."

जेवण झाल्यावर दादाने स्वतःचं ताट स्वतःच उचललं, आणि वहिनीने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

पगार सुरू झाला तशी आठवड्याची सुट्टीही सुरू झाली, कारण पगारी माणसाला सुट्टी असते हे वहिनीने पहिल्याच महिन्यात शेठला ऐकवलं. सुट्टीच्या दिवशी शेठ स्वतः पार्सलं बांधायचा. त्याचे दोन कप फुटले, तेव्हा वहिनी पोट धरून हसली. तिचं असं हसणं त्या घराने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

वर्ष सरलं. पुन्हा कर भरायचे दिवस आले. या वेळी बाईंच्या ऑफिसात दोन खुर्च्या लागल्या. शेठच्या खर्चात वहिनीचा पगार रीतसर लिहिला गेला. त्याचा कर कमी झाला, आणि शंका काढायला कुठे जागा उरली नाही.

मग वहिनी पदर सावरत म्हणाली, "आणि माझं?"

बाईंनी तिचा वर्षाचा पगार बघितला. "तुमचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे. तुम्हाला कर बसत नाही. विवरणपत्र भरायचीही सक्ती नाही."

"सक्ती नाही, पण भरता येतं ना?"

"येतं की. पण लोक यातून सुटायला बघतात, आणि तुम्ही—"

"भरा," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं मी काम केलं, पण कुठल्याच कागदावर कमावणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. एकदा लागू दे."

बाईंनी कोरा अर्ज पुढे घेतला. शेठने खिशातलं पेन काढून वहिनीच्या हातात दिलं. या वेळी सही करायला तिने क्षणभरही वेळ लावला नाही.

मंडळी, उत्पन्न लपवू नये, खोटा खर्च लिहू नये, हे तर आपण सगळेच जाणतो. पण यंदा हिशेबाला बसाल तेव्हा एकदा घरातही नजर टाका. आपल्या कमाईत ज्याचे हात राबले आणि ज्याला काहीच दिलं गेलं नाही, असं कोणी आहे का? असेल, तर आधी त्याचं देणं चुकतं करा. प्रामाणिक हिशेबाची सुरुवात तिथूनच होते.